बेबीबाईची तीन वयं

बेबीबाईला तीन वयं होती. एक आधार कार्डावर, एक मुकादमाच्या हजेरीवर आणि एक तिच्या आईच्या तोंडात. तिसरं तेवढं खरं होतं, आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पहिलं वय तिनं स्वतः मागून घेतलं होतं. बारा साली साखऱ्याच्या पलीकडच्या त्यांच्या तांड्यावर आधारवाले आले, सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर टेबल लावून बसले. आदल्या दिवशी तांड्याचा नायक मोहनसिंग तहसीलमधून एक माहिती घेऊन आला होता. पासष्ट वर्षं पुरी झाली की सरकार दर महिन्याला पैसे देतं. मरेस्तोवर.

"वय आता जे लिवल ते कायमचं," त्यानं सगळ्यांना बजावलं. "तवा हात आखडू नका. पण एकदम ऐंशी बी सांगू नका, मशीनवाल्याला हसू येईल."

जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. ज्याला तारीख ठाऊक नाही त्याची एक जानेवारी, असा मशीनवाल्याचा नियम. दुपारपर्यंत तांड्यावरची सत्तावीस माणसं एक जानेवारीला जन्मली आणि प्रत्येक जण पंधरा-वीस वर्षांनी म्हातारा होऊन उठला. बेबीबाई तेव्हा एकोणचाळीसची. तिनं अठ्ठावन्न सांगितलं.

मशीनवाल्या पोरानं मान वर करून पाहिलं. "मावशी, केस तर काळेभोर हायेत."

"रंग लावते!" बेबीबाई म्हणाली.

सगळा तांडा हसला. तोही हसला आणि त्यानं १९५४ लिहिलं.

दुसरं वय वसमतचं. हळदीच्या हंगामात ती आणि तिचा मुलगा देविदास, सून शिला, तिघं वसमतला एका गोदामावर कामाला जायची. नवरा कधीच वारला होता. मुकादम पंचेचाळीसच्या वरची बाई घेत नसे, म्हणून तिथं ती चाळीसची. दरवर्षी चाळीसचीच. एकोणीस साली कागदावर पासष्ट भरली आणि तिला निराधाराचे हजार रुपये सुरू झाले, तेव्हा ती पन्नास किलोचं कट्टं एकटीनं पाठीवर घेत होती. "सरकारची म्हातारी अन् मुकादमाची तरणी," असं स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. होळीला लेंगीची गाणी म्हणताना तिचा आवाज दुसऱ्या तांड्यापर्यंत जायचा. कुणाची चेष्टा करायची तर तिनंच, कुणाचं भांडण तोडायचं तर तिनंच.

तिसरं वय नानीबाईचं, म्हणजे तिच्या आईचं. "बाहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर खडी फोडत होते तवा ही पोटात. काम बंद व्हायच्या आत झाली." हिशेब कुणीही करावा. एकवीस सालच्या फेब्रुवारीत, थप्पी कोसळली त्या दिवशी, बेबीबाई अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

थप्पी म्हणजे कट्ट्यांची रास. ती रचायची एक रीत असते. एक थर उभा, त्यावरचा आडवा, म्हणजे कट्टी एकमेकांना धरून राहतात. हंगामाची घाई, ट्रक रांगेत उभे, म्हणून त्या आठवड्यात चौदा थर सरळ एकावर एक चढवले होते. बेबीबाई थप्पीच्या पायाशी बसून लांब हळकुंडं आणि गोल गट्टू निवडून वेगळे करत होती. वरची कट्टी सुटली तेव्हा आवाज फार झाला नाही. सहा कट्टी तिच्या पाठीवर आली. तिला काढलं तेव्हा ती शुद्धीत होती, तोंड पिवळं झालेलं. ती म्हणाली, "माझे पाय कुणी उचलले?"

पाय जागेवरच होते. कंबरेखालचं तिला काही कळत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरनं मणक्याचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की आता हे असंच.

'असंच' म्हणजे काय, ते शिलाला कळलं. लघवीला नळी. नळीला पिशवी. ती पिशवी दिवसातून चारदा रिकामी करायची, नळी महिन्याला बदलायची. दर दोन तासाला कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर जखम होते. एकदा झाली की तिच्यात बोट जाईल एवढं भोक पडतं, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. हवेची गादी. मलमपट्टी. ताप आला की इंजेक्शनं. सगळं मिळून महिन्याला साडेसहा हजार. शिला सातवी शिकलेली होती, तिनं वहीत लिहून ठेवलं होतं.

हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीनं भरलं. पाय गेल्याची भरपाईही दिली, पण ती भरपाई वयावर ठरते. वय जास्त तेवढा आकडा कमी. सदुसष्टच्या हिशेबानं जे आलं त्यातून घरावर पत्रे चढले, उसनवारी फिटली आणि देविदासनं बोअर मारलं. बोअरला पाणी लागलं नाही.

राहिला पुढचा खर्च. माणूस जगेल तोवर जे औषधपाणी लागेल, त्याचं कायद्यात धड काही नाही. ते दोन्ही बाजूंनी बसून तोडायचं. बेबीबाईची केस वैष्णवीताई नावाच्या वसमतच्या वकील पोरीनं घेतली होती. सनद मिळून तिला दीड वर्ष झालं होतं. गोदामाच्या शेठला वर्षभर पत्रं लिहून तिनं त्याला बैठकीला बसवलं, आणि बावीसच्या जानेवारीत बेबीबाईला खाटेसकट टेम्पोत घालून, नानीबाईला सोबत घेऊन, वसमतला आणलं.

शेठ आले नाहीत. त्यांचे वकील आले. पिकल्या केसांचा, गोड बोलणारा माणूस. त्यांनी आधी सगळ्यांसाठी चहा मागवला. बेबीबाईच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसले.

"बाई, तकलीफ होतीय का प्रवासाची?"

"पायांना न्हाई," बेबीबाई म्हणाली.

वकील मनापासून हसले. मग चष्मा लावून वैष्णवीकडं वळले. "महिन्याला साडेसहा हजार. मान्य. एक रुपया कमी करत नाही. वर्षाचे अठ्ठ्याहत्तर हजार. आता एवढंच ठरवायचं की किती वर्षं."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"आपल्याकडं बाई सरासरी बहात्तर वर्षं जगते," वकील म्हणाले. "सरकारचा आकडा आहे, माझा नाही. बाईंचं वय अडुसष्ट. चार वर्षं. तीन लाख बारा हजार. शेठ आजच चेक देतात."

त्या सरासरीत जन्मतःच गेलेली बाळंही धरलेली असतात. जी बाई अडुसष्टपर्यंत पोचली, ती बहुधा ऐंशी गाठते. हे त्या खोलीत एकालाच माहीत होतं, आणि तो चहा पीत होता.

"साहेब, बाई एकोणपन्नास वर्षांच्या आहेत," वैष्णवी म्हणाली. "चार नाही, तेवीस वर्षं होतात. सतरा लाख चौऱ्याण्णव हजार."

"पुरावा?"

"मुकादमाच्या हजेरीवर चाळीस लिहिलंय."

"म्हणजे एकोणपन्नास तर तिथंही नाही." वकिलांनी आधारची झेरॉक्स आणि हजेरीचं पान शेजारी शेजारी ठेवलं आणि वाकून बेबीबाईला विचारलं, "बाई, एक सांगा. तुमची एकूण वयं किती?"

दारात उभे असलेले गोदामाचे दोघं फिसकन हसले. चेष्टा चांगली होती. दुसऱ्या कुणाची असती तर बेबीबाईही हसली असती.

नानीबाईला पुढं केलं. तिनं दुष्काळ सांगितला, खडी सांगितली, कामावर वाटलेली सुकडी सांगितली. वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आजी, तुमचं वय?"

नानीबाईनं नायकानं शिकवलेलं सांगितलं. "पंच्याऐंशी."

"आणि खरं?"

नानीबाई बोटं मोजायला लागली.

वकिलांनी पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. "तुमच्या तांड्यावर एक जानेवारीला जन्मलेली सत्तावीस माणसं आहेत. त्यातली एकोणीस निराधाराचा पगार उचलतात, आठ पुढं उचलतील. ताई, तुम्ही वय खोटं असल्याचं प्रतिज्ञापत्र जरूर करा. त्याची एक प्रत मी तहसीलला देईन. बाईंनी सरकारला फसवलं, हे बाईच लिहून देतायत म्हटल्यावर बाकीच्या सव्वीस जणांचंही तपासावं लागेल." त्यांनी कप खाली ठेवला. "आठ दिवस घ्या. घाई नाही. म्हणजे, मला नाही."

परतीच्या वाटेवर टेम्पोत वैष्णवी बेबीबाईच्या उशाशी बसून आली. तिनं काही लपवलं नाही. प्रतिज्ञापत्र केलं तर लढता येईल. बेबीबाईचा पगार जाईल, मागचा परत मागतील, कदाचित गुन्हाही होईल. पण न्यायाधीशाला नानीबाईचं पटलं, देविदासच्या शाळेच्या दाखल्यावरून मेळ बसला, तर तेवीस वर्षं मिळतील. "तुम्ही ठरवा, मावशी. आयुष्य तुमचंय."

"करू की," बेबीबाई म्हणाली. "खोटं बोलले ते मी बोलले. माझ्यावर करा म्हणावं गुन्हा. जेलात नेऊन मला बसवतेत की निजवतेत, बघू तरी."

तिला वाटलं, ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांड्याची बैठक तिच्याच घरासमोर भरली, कारण तिला मंदिरापर्यंत नेता येत नव्हतं. खाट अंगणात काढली. मोहनसिंग नायक तिच्या पायथ्याशी बसला. त्याच्या मागं म्हातारे. काही खरेच म्हातारे, काही कागदाचे. सगळ्यांत पुढं धर्मसिंग, तिचा थोरला दीर. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि त्याला सांभाळणारं कुणी नव्हतं. त्या हजार रुपयांवर तो जगत होता.

"बेबी," नायक म्हणाला, "तुझं दुःख आम्हाला दिसून राहिलंय. पण चौकशी लागली की आधी सगळ्यांचं बंद करतेत. मग जे खरे म्हातारे हायेत त्यांनी तहसीलच्या चकरा माराव्या. धर्मसिंगनं कशा माराव्या?"

"मी काय कुणाची नावं सांगणार न्हाई," बेबीबाई म्हणाली. "माझं एकटीचं सांगते."

"त्या वकिलापाशी यादी हाय. तू एकटी राहिली कुठं?"

"मग मी चार वर्षांत मरावं का?"

"तसं कोण म्हणतं?" नायकाचा आवाज मऊ झाला. "चार वर्षं शेठ देईल. त्याच्या म्होरं तांडा देईल. सत्तावीसातून तू वजा, सव्वीस. प्रत्येकानं महिन्याला शंभर. पगार उचलणारे आत्तापासूनच देतील, बाकीचे त्यांचा सुरू झाला की. मी नायक म्हणून सांगून राहिलो. तांड्यानं कधी माणूस टाकलाय?"

धर्मसिंगनं हात पुढं केला आणि चाचपत चाचपत तिचं पाऊल धरलं. तिला ते कळलं नाही. तिनं पाहिलं, म्हणून समजलं. लहानपणापासून ती या तांड्यातल्या पंगतीत जेवली होती. यांच्या बायकांची बाळंतपणं तिनं केली होती. तिनं देविदासकडं पाहिलं. देविदास जमिनीकडं बघत होता.

"तू काहून बोलत न्हाईस रे?"

"याडी," त्यानं आईला हाक मारली, "मला ह्याच तांड्यात राहायचंय. तुझ्यामागं."

'तुझ्यामागं' हा शब्द अंगणात पडून राहिला, कुणी उचलला नाही.

फक्त शिला उंबऱ्यातून बोलली. "तेवीस वर्षं म्या करायचंय त्यांचं. मला कुणी इचारता का?"

"बाईमाणसानं मधी बोलू नये," कुणीतरी म्हणालं.

बेबीबाईनं डोळे मिटले आणि मान हलवली. वाद मिटला की गूळ वाटायचा, ही तिथली रीत. मोहनसिंगच्या नातवानं परात फिरवली. प्रत्येकानं खडा तोंडात टाकला. तिच्याही ओठावर एक ठेवला. तिनं चघळला. गूळ गोडच होता.

वसमतला सही करायला गेले, तेव्हा वैष्णवी फार बोलली नाही. मजकूर तिनं वाचून दाखवला: वय अडुसष्ट, चार वर्षांचा औषधोपचार, यापुढं कोणताही हक्क राहणार नाही, कोणतंही कारण झालं तरी. बेबीबाईनं सही केली. तिला सही येत होती, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. शेठच्या वकिलांनी उठून नमस्कार केला. "बाई, शतायुषी व्हा," ते म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले नव्हते, हे जास्त वाईट.

तांड्याचे शंभर रुपये तीन महिने आले. चौथ्या महिन्यात नऊ जणांनी दिले. पाचव्यात नायकाच्या घरी लग्न होतं. पुढं धर्मसिंग तेवढा शेजारच्या पोराच्या हातून पन्नासची नोट पाठवायचा; तेवीसच्या पावसाळ्यात तो वारला आणि तेही थांबलं. बेबीबाईनं कुणाला आठवण केली नाही. तिला वाटायचं, अजून शेठचे पैसे आहेत, आत्ताच कशाला तोंड उघडायचं.

शिलानं तीन लाख बारा हजार चार वर्षांत बसवले. फार काटेकोर बसवले, एक महिना वरच पुरवले. या सालच्या फेब्रुवारीत ते संपले.

बेबीबाई संपली नाही. तिचं काळीज चांगलं होतं, फुप्फुसं चांगली होती, दात सगळे होते. त्रेपन्न वर्षांच्या कष्टाळू बाईचं शरीर होतं ते, कंबरेपर्यंत. निराधाराचा पगार आता पंधराशे झाला होता. तेवढ्यात नळ्या आणि पट्ट्या एवढंच यायचं, तेही पुरायचं नाही. म्हणून महिन्याची नळी शिला दोन महिने वापरू लागली. जुनी पातेल्यात उकळायची आणि पुन्हा घालायची. हवेच्या गादीला भोक पडलं, ते सायकलच्या पंक्चरवाल्यानं बुजवून दिलं. माकडहाडावरची जखम रुपयाएवढी होती, ती वाटीएवढी झाली. तिचा वास यायला लागला तेव्हा देविदासनं आपली खाट बाहेर काढली. एकदा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "न्हाई, अजून हाय." खिडकी उघडी होती. बेबीबाईचे कान चांगले होते.

मार्चमध्ये हयातीची तपासणी आली. निराधाराचा पगार घेणारा माणूस जिवंत आहे की नाही, हे बघायला तलाठ्याकडचा माणूस मोबाईल घेऊन आला. बाकीचे मंदिरासमोर रांगेत उभे राहून जिवंत ठरले. बेबीबाईसाठी तो घरी आला. सोबत मोहनसिंग आणि सात-आठ जण.

आत आल्यावर त्यानं नाकाला रुमाल लावला. मोबाईलमध्ये पाहिलं. "बेबीबाई. वय बहात्तर." मग तिच्याकडं पाहिलं. "आजी, केस लई काळे की तुमचे."

सगळे हसायच्या तयारीत होते. उत्तर तांड्याला पाठ होतं.

"साहेब," बेबीबाई म्हणाली, "माझं वय त्रेपन्न हाय."

कुणी हसलं नाही.

"बाहात्तरच्या दुष्काळातली हाय मी. आधारावर खोटं लिवलं. म्या सांगून लिवलं. ह्या सगळ्यांनी बी लिवलं. ह्या नायकानं शिकवलं. लिवून घ्या. माझी चौकशी लावा. सगळ्यांची लावा."

मोहनसिंगच्या तोंडावरचा रंग उडाला. त्या माणसानं रुमाल बाजूला केला. एकदा बाईकडं पाहिलं, एकदा मोबाईलकडं. मोबाईलवर १९५४ होतं. खाली सरकारचा शिक्का होता. त्याला अजून तीन तांडे करायचे होते.

"असं कधीपासून होतंय ह्यांना?" त्यानं शिलाला विचारलं.

शिला पदराला हात पुसत उभी होती. तिच्यामागं चुलीवर पातेलं होतं, त्यात नळी उकळत होती. बेबीबाई तिच्याकडं बघत होती. या घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे शिला.

शिलाच्या मनात त्या पंधराशाचा हिशेब झाला. मग मागच्या सात वर्षांचे परत मागतील, त्याचाही.

"थंडीपासून," ती म्हणाली. "कायबी बोलतेत. मनावर घेऊ नका, साहेब."

"वयच हाय ना," मोहनसिंगनं श्वास सोडला. "बहात्तरला होतं असं." मागचे सगळे हसले, बारा साली मंदिरासमोर हसले होते तसेच, मोकळे होऊन.

त्या माणसानं मोबाईल बेबीबाईच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एक गोल आला, त्यात तिचा चेहरा बसला. "आजी, इकडं बघा. आता डोळे मिचकवा. मिचकवले की मशीनला जिवंत कळतं."

बेबीबाईनं डोळे उघडे ठेवले.

"मिचकवा, आजी."

तिनं मिचकवले नाहीत. गोलात बघत राहिली. चुलीचा धूर खोलीभर पसरला होता. तिचे डोळे आधी लाल झाले, मग पाण्यानं भरले, तरी तिनं पापणी लवू दिली नाही. सगळे थांबले होते. शिला पुढं आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मिटा ना. नळ्या आणायच्यात."

मग पाणी गालावर ओघळलं आणि पापण्या आपोआप मिटल्या.

मोबाईल टिंग वाजला.